कडेवरचं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरच्या भैय्या चौकातल्या डॉक्टर कोटणीसांच्या स्मारकात मी शाळेची मुलं घेऊन जायचो. एकदा सातवीतल्या एका पोरानं तसबिरीकडं बोट दाखवून विचारलं, "सर, ह्यांनी किती जपानी मारले?" कोटणीस बंदूक घेऊन लढले आणि रणांगणावरच गेले, असं त्यानं घरी ऐकलं होतं. पोरगं अगदी मनापासून विचारत होतं. मला फार वाईट वाटलं. आपल्या गावच्या माणसाची एवढी मोठी खरी गोष्ट, आणि गावातल्याच लेकराच्या कानावर आली ती भलतीच.

द्वारकानाथ कोटणीस १९१० साली आपल्या सोलापुरात जन्मले, मुंबईत डॉक्टर झाले. १९३८ मध्ये काँग्रेसनं जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. तिथं ते माओंच्या कम्युनिस्ट फौजेत, आठव्या रूट आर्मीत, सामील झाले. १९४१ मध्ये कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ला अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय अवघं बत्तीस.

पुढं १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. त्यातल्या डॉक्टरांना प्लेग होतो. सिनेमा आहे, त्यात तसं चालतं. पण पाहणाऱ्यांनी पुढं तोच इतिहास धरला आणि सांगता सांगता त्यात आणखी भर पडली. झटक्यानं आलेलं मरण आपल्याला पुरेसं शूर वाटत नाही की काय? मी त्या पोराला सांगितलं, "एकही नाही मारला रे. त्यांनी जखमा शिवल्या." ते गेल्यावर माओंनी लिहिलं होतं की सैन्याचा मदतीचा हात गेला, राष्ट्राचा एक मित्र गेला. यात कुठंही बंदूक नाही.

हल्ली मोबाईलवर रोज एक निरोप येतो: अमुक खेळाडू सीमेवर लढला, तमुक नट आधी कमांडो होता. महेंद्रसिंग धोनीचंच घ्या. २०११ मध्ये त्याला प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल केलं. मानद म्हणजे सन्मानानं दिलेला हुद्दा. भरती, अकादमी, बढती या वाटेनं तो येत नाही. सचिनला २०१० मध्ये हवाई दलानं दिलेला ग्रुप कॅप्टनचा हुद्दाही तसाच. पण धोनी तेवढ्यावर थांबला नाही. २०१५ मध्ये आग्र्याला विमानातून पाच उड्या मारून त्यानं पॅराट्रूपरचे पंख मिळवले आणि २०१९ मध्ये काश्मीरमध्ये दोन आठवडे तुकडीबरोबर राहून गस्त घातली, पहारा दिला. हे त्यानं खरोखर केलंय. मग त्यात चकमक घुसडायची गरजच काय?

माझ्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. एका पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात निवेदकानं त्यांची ओळख 'ढाका जिंकणारे वीर' अशी करून दिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. हे मात्र मान खाली घालून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी रुमालात बांधून पदक घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, "गुरुजी, हे बघा, संग्राम मेडल. एकाहत्तरला जो जो वर्दीत होता त्याला मिळालं. जे पूर्वेच्या आघाडीवर होते त्यांना वेगळा पूर्वी स्टार, पश्चिमेला होते त्यांना पश्चिमी स्टार. माझ्याकडं एकही स्टार नाही. मी डेपोत गाड्यांची इंजिनं उतरवत होतो." मग पदक आडवं धरून त्यांनी त्याच्या कडेवर बोट फिरवलं. तिथं बारीक अक्षरांत त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं होतं. "माझं आहे ते एवढं. ह्याच्यापेक्षा जास्त कुणी बोललं की मला चोरी केल्यासारखं वाटतं."

ते ज्या गाड्या दुरुस्त करत होते, त्यांच्यावरच आघाडीचा दाणागोटा जात होता. ही ओळख त्या निवेदकानं करून दिली असती तर त्यांनी मान वर केली असती, अशी माझी खात्री आहे.

आणि कुणाला थरारकच हवं असेल, तर सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर आहेत. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून या जवानाला कायमचं अपंगत्व आलं. त्यानंतर ते पोहण्याकडं वळले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटरला सुवर्णपदक जिंकलं. यात कुणी एक अक्षर घालून दाखवावं. आणि हा माणूस कित्येक वर्षं आपल्यातल्या बहुतेकांना माहीतही नव्हता.

श्रोतेहो, तुमच्याही घरात आजोबांचं, काकांचं एखादं पदक असेल, काचेच्या कपाटात नाहीतर ट्रंकेच्या तळाशी. आज रात्री ते बाहेर काढा. उजेडात आडवं धरा आणि कडेवरचं नाव पोरांना मोठ्यानं वाचायला सांगा. घरात डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळणारं नोंदींचं पुस्तक, असेल तर तेही उघडा. आजोबा कुठल्या ट्रेडमध्ये होते, म्हणजे सैन्यात कुठलं काम करत होते, ते त्यात लिहिलेलं असेल.

नमस्कार.