नवोदयच्या फॉर्मची लास्ट डेट गेली, आता काय करायचं?

नमस्कार मंडळी. आज इंट्रो वगैरे काही नाही, डायरेक्ट मुद्द्यावर येते, कारण हा व्हिडिओ उघडलेल्या बऱ्याच जणांच्या पोटात आत्ता गोळा आलेला असणार. पोरगं पाचवीत आहे, नवोदयची, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू होती, बुद्धिमत्तेची पुस्तकं आणून झाली, कुणी क्लास लावला, कुणी रोज संध्याकाळी स्वतः घेऊन बसलं, आणि आज साइट उघडून बघतो तर फॉर्मची लिंकच गायब. तारीख गेली.

थांबा, पण खरंच गेली का? हे आधी बघू, कारण इथेच अर्धे लोक गडबड करतात. नवोदयची तारीख बऱ्याचदा वाढते. 2026 च्या सहावीच्या प्रवेशाचंच बघा ना, आधी 29 जुलै 2025 होती, मग 13 ऑगस्ट झाली, मग 27 ऑगस्ट. म्हणजे जुलैच्या शेवटी जे रडत बसले त्यांना पुढे जवळजवळ महिनाभर मिळाला होता आणि त्यातल्या काहींना ते कळलंच नाही, कारण त्यांनी साइट बघणंच सोडून दिलं. त्यामुळे तारीख गेल्यावरही नवोदय विद्यालय समितीची साइट रोज एकदा उघडायची, तुमच्या जिल्ह्यातल्या नवोदयला फोन लावायचा, आणि ग्रुपवर फिरणारा स्क्रीनशॉट गेल्या वर्षीचा आहे का ह्या वर्षीचा हे वरची तारीख वाचून ठरवायचं. दरवर्षी वाढेलच असं मात्र मी अजिबात म्हणत नाहीये, त्या भरवशावर बसू नका.

दुसरं, रजिस्ट्रेशन झालं होतं का हे नीट तपासा. खूप ठिकाणी काय होतं, कॅफेवाल्याने माहिती भरली, फोटो टाकला, आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र तेवढं राहिलं, सर रजेवर होते किंवा ट्रेनिंगला गेले होते, म्हणून कॅफेवाला म्हणाला उद्या या, आणि तो उद्या काही आलाच नाही. घरच्यांना वाटतं फॉर्म भरला. तर तुमच्याकडे रजिस्ट्रेशन नंबर आणि भरलेल्या फॉर्मची प्रिंट आहे का? असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर आजच कॅफेत जाऊन विचारा, मोबाइलमधले त्या आठवड्यातले मेसेज खाली जाऊन शोधा. फॉर्म पूर्ण सबमिट झालेला असेल आणि फक्त काहीतरी चुकलं असेल, म्हणजे ग्रामीणच्या जागी शहरी पडलं, माध्यम चुकलं, तर त्यासाठी नंतर थोडे दिवस करेक्शन विंडो उघडते. पण ती फक्त ज्यांचा फॉर्म गेलाय त्यांच्यासाठी असते आणि त्यातही मोजक्याच गोष्टी बदलता येतात. नवीन फॉर्म भरायला ती नसते. दरवर्षी करेक्शन विंडोची बातमी आली की लोक म्हणतात फॉर्म परत चालू झाले, आणि मग परत एकदा तेच निराश होणं.

बरं, हे सगळं बघितलं आणि खरंच गेलीये. मग आता कडू गोष्ट ऐका. सहावीसाठीची नवोदय ही एकदाच असते. ज्या वर्षी मूल पाचवीत शिकतंय त्याच वर्षी, आणि ज्या जिल्ह्यात शिकतंय आणि राहतंय त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी. पुढच्या वर्षी ते सहावीत गेलं की हा फॉर्म भरता येत नाही. लगेच काही हुशार लोक सुचवतात की पाचवीतच अजून एक वर्ष बसवा. नका करू हो असं. पाचवी रिपीट करणारं मूल ह्या परीक्षेला पात्रच नसतं, म्हणजे वर्षही जाईल आणि नवोदयही मिळणार नाही, आणि त्या पोराच्या सोबतची सगळी मित्रमंडळी पुढच्या वर्गात.

आणि ह्याच काळात फोन येतात. "मॅडम, मागच्या तारखेने फॉर्म टाकून देतो." "आतमध्ये ओळख आहे." "मॅनेजमेंट कोट्यातनं करून देतो." नवोदयला मॅनेजमेंट कोटा हा प्रकारच नाही. फॉर्म ऑनलाइन असतो आणि फुकट असतो, कॅफेवाला त्याच्या कामाचे जे घेईल तेवढेच. त्यामुळे मागच्या दाराच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर फोन ठेवा. हताश माणसाला गंडवणं सगळ्यात सोपं असतं आणि ह्या लोकांना ते बरोब्बर माहिती असतं.

आता मला ज्याच्यावर खरं बोलायचंय ते. पोराला कसं सांगायचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि मी बघितलंय की घरचे लोक हे दोन पद्धतीने हाताळतात आणि दोन्ही पद्धतींनी वाट लागते. एक म्हणजे सांगायचंच नाही. पोरगं आपलं रोज बुद्धिमत्तेच्या आकृत्या सोडवतंय, घरचे म्हणतात चाललंय ना, चालू दे, आत्ता सांगितलं तर अभ्यास सोडेल. मग परीक्षा जवळ येते, वर्गातल्या बाकीच्यांची हॉल तिकिटं येतात, मधल्या सुट्टीत कुणीतरी विचारतं तुझं सेंटर कुठलं आलं रे, आणि त्या पोराला तिथे, सगळ्यांच्या समोर कळतं. त्याला फॉर्म राहिल्याचं जेवढं लागत नाही ना तेवढं हे लागतं, की घरच्यांना माहिती होतं आणि मी इतके महिने येड्यासारखा आकृत्या सोडवत होतो.

दुसरी पद्धत, द्राक्षं आंबट. "काय ठेवलंय त्या नवोदयमध्ये, हॉस्टेलला राहायला लागतं, बरंच झालं." अहो, कालपर्यंत तुम्हीच सांगत होता की नवोदय लागली की आयुष्याचं सोनं होईल. दहा वर्षाचं पोरगं आहे म्हणून त्याला कळत नाही असं समजू नका.

मग सांगायचं कसं? साधं. त्याच दिवशी नाहीतर फार तर दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, आणि ज्याच्याकडून राहिलं त्यानेच सांगायचं. समजा आई सांगतेय तर, "बाळा, नवोदयचा फॉर्म भरायची तारीख निघून गेली. भरायचं काम माझं आणि पप्पांचं होतं, ते आमच्याकडून राहिलं. तुझं काहीच चुकलेलं नाही. ह्या वर्षी ती परीक्षा तुला देता येणार नाही." बस, इथे थांबायचं. त्याच्यापुढे "पण" लावायचा नाही. आपल्याला फार घाई असते हो त्या "पण"ची. पण आपण सैनिक स्कूलचं भरू, पण आपण तुला सायकल घेऊ. त्याला आधी रडू दे, चिडू दे, दार आपटू दे. काही पोरं काहीच बोलत नाहीत आणि दोन दिवसांनी एकदम विचारतात, "आई, मग आता मी ती पुस्तकं कुणाला देऊ?" त्याचं उत्तर तयार ठेवा, कारण पुस्तकं द्यायची नाहीयेत, ते पुढे सांगते.

आणि एक, आईवडिलांची भांडणं पोरासमोर नको. "तुला सांगितलं होतं ना मी", "मग तू का नाही गेलास कॅफेत" हे जे चालतं त्यातनं पोराला एवढंच समजतं की माझ्यामुळे घरात भांडण होतंय. शाळेवर राग असेल तर शाळेत जाऊन शांतपणे विचारा की नोटीस कधी लावली होती, ग्रुपवर टाकली होती का, आणि पुढच्या वर्षीच्या पाचवीच्या पालकांना लेखी कळवणार का. सरांना फैलावर घेऊन तुमचा फॉर्म काही भरला जाणार नाही, आणि पोराला अजून त्याच शाळेत बसायचंय.

आता पुस्तकांचं. नवोदयच्या पेपरात 80 प्रश्न असतात, 100 मार्क, दोन तास. त्यातले 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे, 20 अंकगणिताचे, 20 भाषेचे, उतारा वाचून उत्तरं द्यायची. ह्यातलं काहीतरी फक्त नवोदयलाच चालतं का? नाही ना. सैनिक स्कूलची सहावीची जी परीक्षा आहे त्यातही गणित आहे, बुद्धिमत्ता आहे, भाषा आहे, फक्त सामान्य ज्ञान जास्तीचं येतं आणि गणिताचं वजन खूपच जास्त, 300 पैकी 150 मार्क. सहावीसाठीचा पेपर मराठीतूनही देता येतो. वय 31 मार्चला 10 ते 12 मध्ये बसायला हवं. आणि ह्या परीक्षेचे फॉर्म बहुतेक वेळा नवोदयच्या नंतर निघतात, म्हणजे एक गाडी गेली तरी दुसरी अजून फलाटावर लागायची असते. महाराष्ट्रात सातारा आहे, देशातलं पहिलं सैनिक स्कूल, 1961 चं, आणि चंद्रपूर आहे, शिवाय आता नव्या योजनेतल्या शाळापण त्याच परीक्षेतून भरतात. एकच सांगते, नवोदयमध्ये राहणं-खाणं-शिकणं सरकारकडून असतं, सैनिक स्कूलला फी असते आणि ती बऱ्यापैकी असते, त्यामुळे पोराला सांगायच्या आधी फीचा तक्ता बघा आणि स्कॉलरशिप कुणाला मिळते ते वाचा. आधी आशा लावून मग पैशावरून माघार घेतली तर त्या पोरावर दुसरा घाव बसतो.

आदिवासी समाजातली मुलं असतील तर एकलव्य निवासी शाळांची सहावीची प्रवेश परीक्षा वेगळी असते, तिची चौकशी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात करा. डेहराडूनचं राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज आहे, ते आठवीसाठी, आणि त्याची परीक्षा वर्षातून दोनदा होते, मुलींनाही घेतात आता. म्हणजे ती आत्ताची नाही, दोन-अडीच वर्षांनंतरची गोष्ट, पण डोक्यात असू द्या.

राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल सगळे विचारतात. ती पाचवी-आठवीला होती, ती शासनाने परत चौथी-सातवीवर नेली आहे, त्यामुळे तुमचं पाचवीतलं पोर आता सातवीत गेल्यावर बसेल. धाकटं भावंड चौथीत असेल तर त्याचं मात्र आत्ताच बघा. तिथे निदान विलंब शुल्क भरून उशिरा फॉर्म भरायची सोय असते आणि फॉर्म शाळेच्या लॉगिनमधून जातो, नवोदयसारखं एकट्या पालकाच्या डोक्यावर नसतं.

आणि आता जे बऱ्याच पालकांना माहितीच नसतं. नवोदयचं दार नववीला परत उघडतं. सहावीनंतर ज्या जागा रिकाम्या होतात, कुणी सोडून जातं वगैरे, त्या नववीला परीक्षा घेऊन भरतात. मूल आठवीत असताना फॉर्म भरायचा, परत त्याच जिल्ह्यातला. सहावीला 80 पर्यंत जागा असतात, नववीला हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या असू शकतात, तर सोपं आहे असं मी म्हणणार नाही. पण "एकदाच चान्स होता आणि तो गेला" हे जे घरात चाललंय ते खरं नाही. सहावीची परीक्षा दिलेली नसली तरी नववीची देता येते.

आता ह्या नववीच्या पेपरात आपली मराठी माध्यमाची पोरं कुठे अडकतात माहितीये? पेपर 100 मार्कांचा, गणित 35, विज्ञान 35, इंग्रजी 15, हिंदी 15. बुद्धिमत्ता नाही. आणि सहावीचा पेपर मराठीत मिळतो तसा हा मिळत नाही, प्रश्न इंग्रजी-हिंदीत. म्हणजे ज्या पोराला प्रकाशाचं परावर्तन पाठ आहे त्याला रिफ्लेक्शन हा शब्द दिसला की गडबडतं. हिंदीला तर कुणी विचारतच नाही, येतं की हिंदी, टीव्ही बघतो की, आणि मग व्याकरणाच्या प्रश्नात मार्क जातात. तुमच्याकडे सहावी, सातवी आणि आठवीचे सुरुवातीचे महिने आहेत. रोज विज्ञानाचा धडा झाला की त्यातले पाच-सहा शब्द इंग्रजीत वहीच्या मागच्या पानावर लिहायचे, एवढं जरी चालू ठेवलं तरी आठवीत क्लास शोधत पळायची वेळ येणार नाही. लिहायला आजपासून सुरू करा असं नाही म्हणत मी, पोराला पंधरा दिवस श्वास घेऊ द्या. त्या पंधरा दिवसात नवोदय हा शब्दही घरात काढू नका.

आठवीतच अजून एक परीक्षा आहे, एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. ही शाळेत प्रवेशाची नाही, पैशाची आहे. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी, घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत असेल तर, पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. त्यात बुद्धिमत्तेचा अख्खा एक पेपर आहे, 90 प्रश्नांचा. म्हणून म्हटलं पुस्तकं कुणाला देऊ नका.

तारखांचं काय करायचं ते सांगते आणि थांबते. घरातल्या कॅलेंडरवर लास्ट डेट लिहू नका. फॉर्म कधी निघतो ते लिहा, आणि त्याच्या आठ दिवस आधी मुख्याध्यापकांची सही, जन्मदाखला, आधारवरचं नाव-पत्ता, फोटो आणि सहीची साइज ही कामं लिहा, कारण फॉर्म अडतो तो ह्या कागदांवर, तारखेवर नाही. आणि कोण करणार त्याचं नाव लिहा समोर. "बघू", "करू" ह्याने काही होत नाही.

तुमचं मूल कितवीत आहे आणि जिल्हा कुठला एवढं कमेंटमध्ये टाका, मी सांगेन पुढची कुठली परीक्षा बघायची. फक्त मुलाचं नाव, जन्मतारीख, आधार नंबर असलं काही टाकू नका, मागच्या व्हिडिओखाली दोघातिघांनी आधारचा फोटोच लावला होता, तो मला डिलीट करायला लागला.