दुखत नाही म्हणून

[दृश्य: उघड्या छातीवर ठेवलेला हात, श्वासाबरोबर वरखाली होणाऱ्या बरगड्या]

उजव्या हाताचा तळवा उजव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर ठेवा. त्याच्या खाली, श्वासपटलाला टेकून, सव्वा ते दीड किलो वजनाचं तांबूस-तपकिरी यकृत आहे. शरीराच्या आतला हा सगळ्यात मोठा अवयव.

यकृताच्या आतल्या भागात वेदना कळवणाऱ्या नसा नाहीत. त्याच्यावर एक पातळ आवरण असतं, ते ताणलं गेलं तरच कुशीत जडपणा जाणवतो. आत पेशी मरत असतात आणि माणूस नेहमीसारखा कामावर जात असतो, जेवत असतो, लग्नकार्यात मिरवत असतो. यकृताच्या आजारांबद्दल जे काही सांगायचं आहे, त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

[दृश्य: तव्यावर फुगणारी भाकरी, मग सूक्ष्मदर्शकाखाली यकृताचा पातळ काप]

सकाळी खाल्लेल्या भाकरीचं काय होतं बघा. आतड्यांत तिची साखर होते आणि ती रक्तात उतरते. पण हे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. एका मोठ्या शिरेतून ते आधी यकृतात येतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळपास तीन चतुर्थांश रक्त या वाटेनं येतं. खाल्लेलं अन्न, घेतलेली गोळी, प्यायलेली दारू, पोटातून शोषलं गेलेलं बहुतेक सगळं आधी इथे हजेरी लावतं.

पडद्यावर दिसताहेत ते षटकोनी पुंजके जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर रुंदीचे आहेत. असे लाखो पुंजके मिळून यकृत बनतं. रक्त षटकोनाच्या कोपऱ्यांतून शिरतं आणि पेशींच्या रांगांमधून झिरपत मधल्या शिरेकडे जातं. पेशींनी बनवलेलं पित्त मात्र उलट्या दिशेनं, मधून बाहेर वाहतं. वाटेत बसलेल्या भक्षक पेशी आतड्यांतून आलेले जंतू गिळून टाकतात.

भाकरीची साखर लागेल तेवढी पुढे जाते, उरलेली यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. हा साठा साधारण १०० ग्रॅमचा. रात्री आपण झोपलेले असतो, पोट रिकामं असतं, तेव्हा मेंदूला साखर पुरते ती मुख्यतः इथून. फ्रान्सच्या क्लॉड बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे शोधून काढलं. कुत्र्याला नुसतं मांस खायला घातलं तरी यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर सापडते, असं त्यांनी दाखवलं. साखर फक्त अन्नातून येते या तोवरच्या समजाला त्यामुळे धक्का बसला.

शिवाय रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं यकृतच तयार करतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतच धरून ठेवणारं अल्ब्युमिनही इथेच बनतं. प्रथिनं पचताना निघणारा विषारी अमोनिया घेऊन यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. ही कामं थांबली की काय होतं, ते पुढे येईलच.

[दृश्य: डोळ्याची खालची पापणी ओढून बघणारं बोट]

आता पिवळ्या रंगाकडे येऊ. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य निघतं. यकृत ते पाण्यात विरघळेल असं करून पित्तात सोडतं, आणि शौचाला जो नेहमीचा रंग असतो तो याच द्रव्यापासून येतो. यकृताला सूज आली किंवा पित्ताची वाट अडली की बिलिरुबिन रक्तात साचतं. लघवी गडद होते, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसायला लागतो. कावीळ ती हीच.

पाण्यातून पसरणारी कावीळ हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंमुळे होते. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत नाल्याचं सांडपाणी यमुनेवरच्या पाणीउपशाच्या ठिकाणी शिरलं आणि जवळपास २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढे पंचवीसेक वर्षांनी, जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर, हा ए विषाणू नव्हता हे कळलं. १९८३ मध्ये मॉस्कोत मिखाइल बलायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन तो नवा विषाणू शोधला. आज आपण त्याला ई म्हणतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तीही याच विषाणूची. बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात, पण गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत ई झाला तर जिवावर बेतू शकतं. साथीच्या बातम्यांत हे ठळकपणे यायला हवं आणि ते येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

[दृश्य: परातीतलं चुन्याचं पाणी, त्यात धुतले जाणारे हात, पिवळं होत जाणारं पाणी]

हे दृश्य महाराष्ट्रातल्या अनेक गावांत बघायला मिळतं. कावीळ उतरवणारा रुग्णाच्या हातांना काहीतरी चोळतो, मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो. पाणी पिवळं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कावीळ 'उतरते'. हाताला लावलेला असतो आंब्याच्या सालीचा रस किंवा भुकटी. ती चुन्याला लागली की पिवळा रंग येतो, हात कुणाचेही असोत. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग गावोगाव करून दाखवतात.

तरीही लोक पुन्हा जातात, कारण माणूस खरोखर बरा होतो. ए आणि ई विषाणूंची कावीळ बहुधा काही आठवड्यांत यकृत स्वतःच निस्तरतं. श्रेय मात्र परातीतल्या पाण्याला आणि गळ्यातल्या माळेला जातं. खरा घात होतो तो कावीळ दुसऱ्या कशामुळे असेल तेव्हा: पित्तनलिकेत खडा असेल, गाठ असेल, औषधाची इजा असेल. तिथे प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. रुग्ण गुंगल्यासारखा वागत असेल, उलट्या थांबत नसतील, किंवा ती गरोदर असेल, तर आधी दवाखाना गाठा. आणि हो, काविळीत तेल-हळद बंद करून नुसत्या उसाच्या रसावर ठेवायची गरज नसते. पचेल तसं नेहमीचं जेवण द्यायचं, दारू मात्र पूर्ण बंद.

बी आणि सी हे विषाणू वेगळ्या वाटेनं येतात: रक्तातून, दूषित सुईतून, बी तर शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही. लोक बीला 'पांढरी कावीळ' म्हणतात. बऱ्याचदा तिच्यात डोळे पिवळे होतच नाहीत. जन्मताना बीची लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांच्या शरीरात हा विषाणू कायमचा राहतो, मोठेपणी लागण झालेल्यांपैकी फार थोड्यांच्या. म्हणून जन्मल्यापासून २४ तासांच्या आत टोचली जाणारी लस एवढी महत्त्वाची. सीवर लस नाही, पण औषध आहे: साधारण १२ आठवडे गोळ्या घेतल्या की शंभरातले पंचाण्णवहून अधिक जण बरे होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

[दृश्य: सोनोग्राफीचा पडदा, कागदावर 'ग्रेड वन फॅटी लिव्हर']

हा कागद आता घरोघरी असतो. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केलेली, त्यात ही ओळ. "काही नाही, सगळ्यांनाच असतं," असं म्हणून फाइल कपाटात जाते. वाढतं पोट, मधुमेह, गोड पेयं, बैठं काम यांनी यकृताच्या पेशींत चरबी साठते. दारूनंही साठते. अनेकांच्या बाबतीत गोष्ट तिथेच थांबते, पण काहींच्या यकृतात सूज येते. मग अ जीवनसत्त्व साठवून शांत बसलेल्या काही पेशी जाग्या होतात आणि तंतू विणायला लागतात. विषाणू असो, दारू असो की चरबी, पुढची वाट सारखीच असते. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींची इजा सांगणारी रक्ताची तपासणी, नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण ती नॉर्मल असतानाही तंतू वाढत राहू शकतात. यकृत किती कडक झालंय हे सांगणारी तपासणी वेगळी असते, आणि मधुमेह्यांनी डॉक्टरांकडे तिची चौकशी जरूर करावी.

तंतूंनी यकृत गाठीगाठीचं आणि कडक झालं की त्याला सिरॉसिस म्हणतात. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. ओढ्याला बांध घातला की पाणी बाजूच्या शेतांत शिरतं, तसं ते रक्त आडवाटांनी निघतं. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, फुटल्या तर रक्ताची उलटी होते. अल्ब्युमिन कमी पडून पोटात पाणी साठतं. जुन्या वैद्यकात याला जलोदर म्हणत.

[दृश्य: वहीचं पान, एकाच माणसाच्या तीन सह्या, तिसरी वेडीवाकडी]

आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागा राहतो. सही बदलते. हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितले तर ते फडफडतात. घरच्यांना वाटतं, पुन्हा पिऊन आला, किंवा डोक्यावर परिणाम झाला. ज्यानं आयुष्यात दारूला हात लावला नाही अशा माणसावरही हा आळ येतो. असा माणूस शिव्या खात घरात पडून राहतो, तेव्हा त्याला गरज असते ती तातडीनं रुग्णालयात नेण्याची. लॅक्टुलोजसारख्या साध्या सिरपनं दिवसाला दोन-तीनदा शौचाला झालं की अमोनिया उतरतो, आणि पुष्कळ जण चक्क शुद्धीवर येऊन घरच्यांना नावानं हाक मारतात.

[दृश्य: शस्त्रक्रियागृहाबाहेरचं बाक]

सगळे उपाय थकले की प्रत्यारोपण. भारतातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं. २० महिन्यांच्या बाळाला वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला गेला. निरोगी यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेलं दोन-तीन महिन्यांत जवळपास पूर्वीएवढं वाढतं, म्हणून जिवंत माणूस ते देऊ शकतो. आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणं अशीच होतात, नात्यातल्या माणसाच्या दानावर.

इथेही 'फॅटी लिव्हर'ची तीच ओळ आडवी येते. भाऊ तयार असतो, बायको तयार असते, आणि तपासणीत त्यांच्याच यकृतात चरबी निघते. चरबी जास्त असेल तर डॉक्टर दान घेत नाहीत. रुग्णाच्या हातात वेळ असेल तर ते दात्याला वजन उतरवायला सांगतात. साखर बंद, रोज चालणं, मोजून जेवण. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते, आणि बऱ्याच जणांच्या यकृतातली चरबी तोवर इतकी उतरलेली असते, की शस्त्रक्रियेची तारीख ठरते.