फिटरची वही

(दृश्य: आयटीआयचं फिटर शॉप. बेंच व्हाइसमध्ये पकडलेला माइल्ड स्टीलचा तुकडा, त्यावर फाइल, म्हणजे कानस, चालते आहे.)

फिटर, म्हणजे यंत्राचे भाग घासून-जुळवून बसवणारा; या ट्रेडच्या पहिल्या वर्षात सुरुवातीला बराच काळ हेच काम: फाइलिंग. बेंचवरच्या या मुलीच्या हातांकडे बघा. स्ट्रोक सुरू होताना दाब डाव्या हाताचा जास्त, फाइल मधोमध आली की दोन्ही हातांचा सारखा, शेवटाला उजव्याचा. मागे येताना दाब अजिबात नाही. हा ताळमेळ चुकला की फाइल झोके खाते, जॉबच्या, म्हणजे घासायच्या तुकड्याच्या, कडा खाली बसतात आणि मधला भाग फुगीर राहतो.

(दृश्य: ट्राय स्क्वेअर, म्हणजे गुण्या, लावून जॉब उजेडाकडे धरलेला.)

पात्याखालून दोन्ही कडांना उजेड दिसतोय, म्हणजे मधला उंचवटा तसाच आहे. तो नेमका कुठे, हे प्रशियन ब्लू दाखवतो. सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, निळ्याचा अगदी पातळ थर, त्यावर जॉब हलक्या हाताने फिरवायचा. निळं लागलं तेवढ्याच जागी फाइल मारायची. फाइलच्या दातांत कीस अडकला तर जॉबवर खोल ओरखडे उठतात. म्हणून फाइल कार्डने, म्हणजे तारांच्या ब्रशने, दात साफ करायचे आणि स्मूथ फाइलला खडू चोळायचा.

(दृश्य: बेंचवर उघडी वही. तेलाचे डाग.)

तिची ही वही मात्र अभ्यासक्रमातली नाही. रकाने सहा: तारीख, जॉब, ड्रॉइंगवरचं माप, हाती आलेलं माप, लागलेला वेळ आणि कारण. खरी मेहनत शेवटच्या रकान्यात आहे. तिथे नुसतं ‘चुकलं’ लिहून भागत नाही. या पानावर बघा: ‘एम10 चा टॅप तुटला. 8.5 च्या जागी 8.2 चा ड्रिल मारला. टॅप अधूनमधून उलटा फिरवून कीस मोडला नाही.’ (टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार.) असं लिहिलं, की पुढच्या वेळी काय बदलायचं ते शोधावं लागत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर ध्येय आहे. आयटीआयला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचं ध्येय एका शब्दाचं असतं: पर्मनंट. मागणी रास्त आहे, घर त्यावर चालायचं असतं. पण कायम करणं कंपनीच्या हातात आहे, हाताला वळण लावणं आपल्या. ड्रॉइंगवर नुसतं 50 मिमी लिहिलं तर जॉब पास की नापास हे कुणीच सांगू शकत नाही, टॉलरन्स, म्हणजे किती कमी-जास्त चालेल ती मर्यादा, लागतो. ध्येयाचंही तसंच आहे. म्हणून या पानावर लिहिलंय: दिवाळीपर्यंत ±0.25 मिमी, वर्षअखेरीस ±0.1, दुसऱ्या वर्षी मेल-फिमेल जॉब (एकमेकांत बसणारे दोन तुकडे) ±0.04 मध्ये, तोही ठरलेल्या वेळेत.

(दृश्य: मायक्रोमीटरचा थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, जवळून.)

±0.04 तपासायला 0.02 लीस्ट काउंटचा, म्हणजे 0.02 मिमीपर्यंतच माप वाचणारा, व्हर्नियर अपुरा पडतो. इथून पुढे 0.01 चा मायक्रोमीटर, आणि तो टोकाच्या रॅचेटनेच, म्हणजे दाब ठरावीक ठेवणाऱ्या कळीनेच, फिरवायचा. थिंबल हाताने आवळला की माप कमी दिसतं, आणि प्रत्यक्षात मोठा राहिलेला जॉब बरोबर समजून तसाच सोडला जातो.

(दृश्य: टूल रूम, जिथे डाय, म्हणजे साचे, बनतात. डायच्या दोन भागांची जुळणी.)

दुसऱ्या वर्षी वहीत आणखी एक पान उघडायचं: कुठलं काम करताना वेळेचं भान राहत नाही? मशीन बंद पडलं की त्यातला दोष शोधायला हात शिवशिवत असतील, तर मेंटेनन्स. तिथे शिफ्ट आणि रात्री-अपरात्री येणारे फोन धरूनच चालायचं. एकाच डायवर आठवडेच्या आठवडे काढायची चिकाटी असेल, तर टूल रूम. शेजारच्या बेंचवरच्याला समजावून सांगण्यात रमत असाल, तर सीआयटीएसचा, म्हणजे निदेशक-प्रशिक्षणाचा, एक वर्षाचा कोर्स करून आयटीआयमध्ये शिकवणारा निदेशक होता येतं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला, की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. पण पहिल्या वर्षाचं गणित हुकतं आणि तिथेच मुलं अडकतात. त्रिकोणमिती आणि कॅल्क्युलस आयटीआयच्या दुसऱ्या वर्षीच हाताखालून घातलेलं बरं.

आयटीआयनंतर कंपनीत अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ, म्हणून जाऊन नुसत्या लोडिंग-अनलोडिंगच्या कामाला लागलेल्यांचा हात फाइल विसरतो आणि पुढची ट्रेड टेस्ट जड जाते.

(दृश्य: एमआयडीसीतल्या कंपनीचं गेट, पाळी सुटण्याची वेळ.)

म्हणून अप्रेंटिसशिप निवडताना फक्त स्टायपेंड बघू नका. 1961 च्या कायद्याखाली ती शिकण्यासाठीच आहे. चाकण असो, वाळूज असो की सातपूर, मुलाखतीत विचारायचंच: टूल रूम आहे का? अप्रेंटिसला तिथे किती महिने मिळतात? मेंटेनन्सला फिरवता का? काम कोण तपासतं? उत्तरं वहीत लिहून घ्या आणि दोन-तीन कंपन्यांची शेजारी-शेजारी ठेवून मगच होकार कळवा.