पैठणी रंग कसा बदलते? उत्तर डब्याच्या झाकणावर

नमस्कार मंडळी! ही आईची पैठणी. पेटीतून काढायला परवानगी मिळाली, पण एका अटीवर: आधी साबणाने हात धुवायचे. धुतलेत गं आई!

आता बघा. समोर खिडकी आहे. साडी अशी धरली की हिरवी. तिथल्या तिथे पाव वळसा दिला, आणि हा आला राणी कलर! उजेड तोच, कॅमेरा तोच. धूप-छाँव म्हणतात ती हीच.

रंग दोनच आहेत. ताणा, म्हणजे उभे धागे, हिरवा. बाणा, म्हणजे आडवे धागे, राणी. एक वर, एक खाली. मग डोळ्याला दोन्हींची कायम खिचडीच दिसायला हवी ना?

थांबा, स्वयंपाकघरातून काहीतरी आणते.

हे स्टीलच्या डब्याचं झाकण. जवळून बघा, गोल गोल बारीक रेघा आहेत. दिवा समोर ठेवून धरलं की मधोमध, दिव्याकडून तुमच्याकडे येणारा चमकता पट्टा दिसतो. आता झाकण गरगर फिरवा. पट्टा जागचा हलत नाही! कारण चमकतात त्या फक्त नजरेला आडव्या पडलेल्या रेघा. बारीक, गोलसर वस्तू उजेड पंख्यासारखा पसरवते, पण आपल्या लांबीला आडवा. म्हणून आडवी रेघ थोडी वरखाली कलली तरी चमक डोळ्यात येते. नजरेच्या रेषेतली रेघ मात्र एका नेमक्या कोनातच चमकते.

रेशमाचा धागा म्हणजे तीच रेघ. साडी फिरवली की आडवे पडणारे धागे बदलतात, आणि त्यांचा रंग वर येतो. सुतात हे इतकं जमत नाही. कापसाचे तंतू दोन-तीन सेंटिमीटरचे, वर लव. उजेड सगळीकडे विखुरतो. रेशमाच्या एका कोशातून मात्र शेकडो मीटरचा गुळगुळीत, अखंड तंतू निघतो.

आता घरी करू. मॅचिंग सेंटरमधून बांगड्यांना गुंडाळतात त्या सिल्क थ्रेडची दोन रिळं आणा, एक हिरवं, एक राणी. हातभर नको, तळहाताएवढा पुठ्ठा घ्या. वरखाली दोन-दोन मिलिमीटरवर खाचा पाडा, प्रत्येक खाचेत हिरव्याचे तीन-चार फेरे. मग दाभणात राणी धागा तितकाच जाड ओवून एक वर, एक खाली.

इथं मी माती खाल्ली होती. सफाई यावी म्हणून कंगव्याने बाणा ठोकून ठोकून बसवला, आणि हिरवा पार गायब! नुसता राणी रुमाल. दोन्ही धागे सारखे दिसले पाहिजेत, म्हणून बाण्यातही तेवढंच अंतर सोडा.

झालं की खिडकीसमोर धरा आणि पाव वळसा द्या.

हो आई, आणते. आणि घडी या वेळी दुसऱ्या जागी घालते, नाहीतर जरीची तार त्याच रेषेत तुटते.