दारात कुणीतरी आलं

श्रोतेहो, नमस्कार.

एक जण एकटाच नमाज पढतोय. मागे दार वाजतं, कुणीतरी आत येतं. नमाजीला वळून बघता येत नाही. पण कपाळ जमिनीला टेकलेलं असतानाच त्याचा सजदा लांबतो. ‘सुब्हान रब्बियल आला’ हे सजद्यातलं स्तुतिवचन एरवी तीनदा म्हणून तो उठायचा, आज सात वेळा होतं, तेही सावकाश. बघणाऱ्याला वाटावं, काय तल्लीन झालाय!

याला रिया म्हणतात, म्हणजे दिखावा. कुणी बघतंय म्हणून नमाज सजवणं हा ‘छुपा शिर्क’, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदीत आलंय. शब्द जबर आहे. शिर्क म्हणजे अल्लाहच्या जोडीला आणखी कुणाला बसवणं. आणि इथे बसवलं कुणाला, तर दारातून आलेल्या त्या पाहुण्याला. त्या बिचाऱ्याला पत्ताही नाही!

‘सहीह बुखारी’ या हदीससंग्रहाची सुरुवातच नीयतीच्या, म्हणजे मनातल्या हेतूच्या हदीसने होते. ती पैगंबरांचे साथीदार हजरत उमर यांनी सांगितलेली: कर्मांचं मोल नीयतीवर. पुढे उदाहरण आहे हिजरतीचं. इ.स. 622 मध्ये पैगंबर आणि त्यांचे साथीदार मक्का सोडून मदिनेला गेले. समजा, त्या वाटेने दोघे निघाले. वाळू तीच, तहान तीच. एक अल्लाहसाठी निघालाय, दुसऱ्याला तिकडच्या एका स्त्रीशी लग्न करायचंय. दुसऱ्याची हिजरत लग्नासाठीच धरली जाईल, एवढंच हदीस म्हणते. त्याला रागावत नाही, हे मला विशेष वाटतं.

दानाचं तर विचारूच नका. कुरआनने उघड दानालाही चांगलंच म्हटलंय, पण गुपचूप गरिबाला दिलेलं अधिक बरं. पैगंबरांचे पणतू इमाम झैनुल आबिदीन यांच्याबद्दल चरित्रकार लिहितात, की मदिनेत कित्येक घरांपुढे रात्री अन्न ठेवलेलं असायचं, कोण ठेवतं कुणालाच ठाऊक नव्हतं. इमाम वारले आणि ते येणं थांबलं. गुस्ल, म्हणजे मृतदेहाला अंघोळ, देताना पाठीवर पोती वाहिल्याचे वळ दिसले, तेव्हा उलगडा झाला.

मग दिखाव्याच्या धास्तीने लोकांसमोर नमाजच पढू नये का? जुन्या काळातले सूफी संत फुदैल इब्न इयाज यांनी हीही पळवाट बुजवली: लोकांखातर कर्म सोडणं हीसुद्धा रियाच. तेव्हा आपल्या त्या नमाजीने सजदा आखडायचाही नाही. तीनदा म्हणायचं, आणि रोजच्यासारखं उठायचं.