छप्पन अंशांची उलटतपासणी

मंडळी, 30 मे 2024 हा दिवस इथल्या बहुतेकांना आठवत असेल. आपल्या नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश सेल्सिअस दाखवले आणि बघता बघता तो आकडा देशभर पोहोचला. जुन्या नागपूरकरांचा त्यावर काही विश्वास बसला नाही. मे 2013 मधले 47.9 आपण सोसलेत. त्यावर आणखी आठ अंश चढले असते तर ते बातमीत वाचायची गरजच नव्हती. पुढं सेन्सर बिघडल्याचं निघालं. असला खोटा आकडा पकडणं सोपं असतं, आजूबाजूच्या केंद्रांकडे पाहिलं की झालं.

पण असाच आकडा एखाद्या नावाजलेल्या हवामान मॉडेलनं, म्हणजे संगणकावर हवामानाचं गणित मांडणाऱ्या प्रणालीनं दिला, आणि तोही पाच कोटी वर्षांपूर्वीच्या पृथ्वीबद्दल, तर साक्षीला कोणाला बोलवायचं?

हे खरंच घडलंय. अमेरिकेतल्या बोल्डरच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राचं सीईएसएम-2 हे मॉडेल. विसाव्या शतकातलं तापमान त्यानं छान जुळवून दाखवलं. मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी अखेर किती तापेल, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं 5.3 अंश. त्याच घराण्यातलं आधीचं मॉडेल साधारण 4 सांगायचं. आता यातलं खरं कोणाचं, हे गेल्या दीडशे वर्षांच्या नोंदींवरून ठरत नाही. एक तर त्या नोंदी समोर ठेवूनच मॉडेल घडवलेलं असतं. दुसरं म्हणजे या काळात कार्बन डायऑक्साइड 280 पीपीएमवरून (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांतले भाग) 420 च्या वर गेला, म्हणजे अजून दुप्पटही नाही. शिवाय धुरानं आणि धुळीनं त्यातली काही ऊब झाकून ठेवलीय.

म्हणून सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या इओसीन काळाकडे जायचं. तेव्हा हवेत हजार पीपीएमच्या वर कार्बन डायऑक्साइड होता आणि ध्रुवांवर बर्फाचे थर नव्हते. आज जिथं अस्वलं आणि बर्फ, त्या कॅनडाच्या एल्समियर बेटावर मगरींच्या कुळातले प्राणी फिरत होते. हवामानशास्त्रज्ञ जियांग झू आणि सहकाऱ्यांनी सीईएसएम-2 ला ही इओसीनची पृथ्वी दिली, कार्बन डायऑक्साइड औद्योगिक युगापूर्वीच्या तिप्पट ठेवला. 2020 मध्ये निकाल छापून आला: विषुववृत्तीय भागातल्या जमिनीवर 55 अंशांहून जास्त. एवढ्या उष्णतेत पानाचं प्रकाशसंश्लेषणच बंद पडतं. आणि खडक काय म्हणतात? त्याच पट्ट्यात तेव्हा घनदाट वर्षावन होतं. पानांचे ठसे आहेत, परागकण आहेत.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडचं काही सांगा. आपल्या सेमिनरी हिल्सचा काळा पाषाण यासाठी कामाचा नाही, तो इओसीनच्या कोटभर वर्षं आधीचा. इओसीनसाठी गुजरातच्या लिग्नाइट खाणींत उतरावं लागतं. कच्छमधल्या पानंध्रो खाणीत एका अजस्र सापाचे मणके सापडले, 2024 मध्ये त्याला ‘वासुकी’ नाव मिळालं. वय सुमारे 4.7 कोटी वर्षं, लांबी अंदाजे 11 ते 15 मीटर. सापाला स्वतःची ऊब नसते, त्यामुळे एवढं धूड वाढायला हवा किती उबदार लागते याचा हिशेब मांडता येतो. तो येतो वार्षिक सरासरी 28 अंशांच्या आसपास. ऊब आहे, भट्टी नाही.

मग चूक कुठं होती? ढगांत. ढगातले हिमकण आणि पाण्याचे थेंब यांचं गणित मांडताना हिमकणांच्या संख्येवर एक मर्यादा घातलेली होती. आजच्या हवेत ती कोणाला खटकली नाही. ती काढून हिशेब सुधारल्यावर दुपटीचं उत्तर परत 4 च्या जवळ आलं. मला यात गंमत वाटते ती ही, की संगणकातली ही खोट दाखवून दिली कोट्यवधी वर्षं गाडल्या गेलेल्या पानांनी.

पण दरवेळी खडकच खरे, असं मात्र समजू नका. उलटतपासणी साक्षीदाराचीही व्हायला हवी. नव्वदच्या दशकापर्यंत समुद्रतळाचा गाळ सांगत होता, की इओसीनमध्ये ध्रुव तापले होते पण विषुववृत्तावरचे समुद्र आजच्याहून थंड होते. मॉडेलांना हे काही केल्या जमत नव्हतं आणि दोष मॉडेलांना दिला जात होता.

हा फोटो पाहा. दोन्ही फोरॅमिनिफेरा आहेत, वाळूच्या कणाएवढ्या सागरी जीवांची कवचं; गाळातून जुन्या समुद्राचं तापमान मोजतात ते यांच्यावरून. डावीकडचं दुधी, साखरेसारखं खरखरीत. उजवीकडचं काचेसारखं स्वच्छ, छिद्रनछिद्र दिसतंय. हा जीव जगतो वरच्या कोमट पाण्यात, मेल्यावर कवच तळाशी जातं. तिथं थंड पाण्यात डावीकडच्या कवचावर नवं कॅल्साइट, म्हणजे कवच ज्याचं बनतं ते खनिज, चढलं. थंड पाण्यात ऑक्सिजनचा जड प्रकार कवचात जास्त जातो आणि त्याच्या प्रमाणावरून तापमान काढतात, म्हणून आपण मोजलं ते पृष्ठभागाचं तापमान नव्हतंच, त्यात तळाची थंडी मिसळली होती. भूवैज्ञानिक पॉल पिअर्सन आणि सहकाऱ्यांना टांझानियाच्या चिकणमातीत ही काचेसारखी कवचं मिळाली. चिकणमातीनं पाणी आत शिरू दिलं नव्हतं. 2001 मध्ये त्यांनी दाखवलं, की ते समुद्र निदान 28 ते 32 अंशांचे होते. त्या खटल्यात मॉडेल सुटलं, साक्षीदार अडकला.

व्याख्यानापूर्वी एका विद्यार्थ्यानं विचारलं, “सर, 5.3 चुकलं म्हणजे तापमानवाढ फुगवून सांगतात का?” आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा 2021 चा अहवाल कार्बन डायऑक्साइडच्या दुपटीला 2.5 ते 4 अंश धरतो, मधला अंदाज 3. ही वरची बाजू आवळण्यात पुरातन काळाच्या पुराव्याचा मोठा हात आहे, तसाच खालची बाजू आवळण्यातही. दुपटीला दीड अंशाहून कमी वाढ होईल म्हणणाऱ्याला एल्समियरच्या मगरी आणि हिमयुगातली थंडी, दोन्हींचा खुलासा करता येत नाही. आणि प्लायोसीन हा काळ तर शेजारीच आहे, जेमतेम 30 लाख वर्षांमागे. कार्बन डायऑक्साइड जवळपास आजच्याइतका, सुमारे 400 पीपीएम; पृथ्वी औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत अडीच ते चार अंशांनी गरम, आणि समुद्र आजच्याहून 5 ते 25 मीटर वर.