ऐकू येतं, पण शब्द कळत नाही

नमस्कार मंडळी, आज कानाबद्दल बोलायचंय आणि सुरुवात आमच्या बाबांपासूनच करते. बाबांनी इचलकरंजीत तीस वर्षं माग चालवला, त्या खडखडाटात. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाला ताप होता, बाबा त्याच्या काखेत थर्मामीटर धरून बसलेले, ते पिक पिक वाजून कधीच थांबलं तरी हे आपले धरूनच. मी म्हटलं, बाबा वाजलं की! तर म्हणाले, कुठं वाजलं?

मग एकेक आठवायला लागलं. "फोन आलाय" म्हटलं की दाराकडं बघून "कोण आलंय?" विचारायचे, सातला निघायचं सांगितलं तर आठ ऐकायचे, आणि आम्ही म्हणायचो यांचं लक्षच नसतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण ट्रकचा हॉर्न, दाराची कडी, शेजारच्या काकांचा जाड आवाज, सगळं त्यांना ऐकू यायचं, मग शंका कुणाला येणार? आ, ओ हे स्वर जाड असतात, पण स, श, फ, थ ही अक्षरं बारीक, त्यांचा बराचसा आवाज २००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २००० कंपनांच्या वर असतो. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा भाग असतो, त्याच्या तोंडाशीच बारीक आवाज पकडणाऱ्या पेशी असतात आणि वयानं किंवा गोंगाटानं बहुतेक वेळा त्याच आधी जातात. गेल्या की परत येत नाहीत. गोंगाटानं कान गेला असेल तर तपासणीच्या आलेखात बहुतेकदा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो, बाबांचा तसाच होता.

तर घरात कुणी बायकांचं, लहान मुलांचं बोलणं सारखं परत विचारत असेल, लग्नाच्या हॉलमध्ये गप्प बसत असेल, टीव्ही मोठा करूनही "हे पुटपुटतात काय" म्हणत असेल, कानात बारीक शिट्टी वाजते म्हणत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या, अजिबात दुखत नाही. आणि अचानक एका कानानं ऐकू यायचं बंद झालं तर थांबू नका, त्याच दिवशी जा.

ओरडू मात्र नका हो, ओरडून स्वरच मोठे होतात, स आणि फ तसेच राहतात. समोर बसून जरा सावकाश बोला.

बाबांना मशीन लावलं त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पेपर उघडला आणि पान उलटता उलटता थांबले, परत उलटलं, म्हणाले, "अगं, याचा आवाज होतो की!"